वाचक विचारतात : वजन उतरवणारे अर्क, काढे आणि कॅप्सूल

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला. खाण्यापिण्यामुळे वाढलेलं वजन वनस्पतींच्या अर्काने उतरतं का, उतरत असेल तर कोणता अर्क, किती आणि कसा घ्यायचा? त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी चार एकर डाळिंबाची बाग आहे. डाळिंबाच्या पानांच्या अर्काने लठ्ठ उंदरांची चरबी उतरली, अशी बातमी मोबाइलवर आली. आमच्याकडे पानगळीच्या वेळी पानांचे ढीग पडतात आणि रसवाल्याकडून साली पोत्याने मिळतात. माझं वजन ९२ किलो आहे. पानांचा काढा करून प्यावा का? किती? – बागायतदार, सांगोला तालुका

बातमीला आधार आहे. २००७ साली चीनमधल्या संशोधकांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. भरपूर चरबीचं खाद्य देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांना डाळिंबाच्या पानांचा अर्क पाच आठवडे दिला. त्यांचं वजन, पोटातली चरबी आणि रक्तातली चरबी कमी भरली. उंदरांचं खाणं कमी झालं होतं आणि आतड्यातून चरबी शोषली जाण्यालाही अटकाव झाला होता.

आता मात्रा बघा. उंदरांना दर किलो वजनाला रोज ४०० किंवा ८०० मिलिग्रॅम अर्क दिला होता. उंदराची मात्रा माणसाला जशीच्या तशी लावत नाहीत. लहान प्राण्याच्या शरीराचा व्यवहार वेगाने चालतो, म्हणून उंदराच्या मात्रेला १२.३ ने भागतात. म्हणजे माणसाला दर किलोला साधारण ३२ ते ६५ मिलिग्रॅम. तुमच्या ९२ किलोंना रोज ३ ते ६ ग्रॅम कोरडा अर्क झाला. अर्काचा उतारा १५ टक्के धरला, तर त्यासाठी रोज २० ते ४० ग्रॅम वाळलेली पानं लागतील आणि ओली पानं त्याच्या दुप्पट-अडीचपट. एवढी पानं रोज, महिनोन्‌महिने माणसाने घेतल्यावर यकृत आणि मूत्रपिंडाचं काय होतं, हे उंदरांवरच्या पाच आठवड्यांवरून कळत नाही. शिवाय घरच्या काढ्यात अर्काचं प्रमाण रोज वेगळं येणार. कोवळं पान, जून पान, कोणत्या बहाराचं, किती उकळलं, यावर ते बदलतं.

पण आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर पटेल. तो ढीग कसा पडतो? बहार धरताना इथ्रेल मारून पानगळ करतात. त्याआधी तेल्या रोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण होऊन गेलेलं असतं, थ्रिप्स आणि रसशोषक किडींसाठीच्या फवारण्या वेगळ्या. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी थांबायचे जे दिवस लिहिलेले असतात, ते फळासाठी ठरवलेले असतात. पान कोणी खाईल हे त्यात गृहीतच धरलेलं नाही. असा पाला उकळून आटवला की पाणी उडून जातं आणि मोरचुदातलं तांबं मागे राहतं. तेव्हा पानगळीच्या ढिगाचा काढा अजिबात घेऊ नका.

सालींची गोष्ट थोडी निराळी. सालीत प्युनिकॅलाजिन नावाचं टॅनिन भरपूर असतं आणि अभ्यास प्रामुख्याने त्याचाच चालू आहे. आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन नावाची द्रव्यं बनवतात. मात्र हे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात सारखे नसतात, त्यामुळे एकच साल दोघांनी घेतली तरी परिणाम वेगळा होतो. जास्त टॅनिनने पोट बांधलं जातं, मळमळतं, आणि जेवणाबरोबर घेतलं तर अन्नातलं लोह शरीराला कमी मिळतं. घरात कोणाचं हिमोग्लोबिन कमी असेल, तर सालीचं चूर्ण त्यांना देऊ नका. मूळ आणि खोडाची साल तर कोणीच घेऊ नये. तिच्यात पेलेटिएरिन वर्गातली अल्कलॉइड असतात. जुन्या काळी ती पट्टकृमीवर वापरत, पण जास्त झाली की उलट्या, चक्कर आणि दृष्टीला त्रास होतो.

तुमच्या हातात आहे ते फळ. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ८३ किलोकॅलरी आणि ४ ग्रॅम तंतू असतात, आणि दाणे चावून खायला वेळ लागतो. तेच फळ रसवाल्याच्या यंत्रातून काढलं की तंतू चोथ्यात जातात आणि एका मोठ्या ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास साखर दोन मिनिटांत पोटात जाते. वजनासाठी रस बंद करा, दाणे खा. सालींपासून विक्रीयोग्य काही करायचा विचार असेल, तर सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे प्रक्रियेबद्दल आधी विचारून घ्या.

प्रश्न : माझ्या मेहुण्यांनी ओळखीच्या माणसाकडून वजन कमी करायची 'शुद्ध वनस्पतींची' पुडी आणली. पंधरा दिवसांत चार किलो उतरले. पण छातीत धडधडतं, तोंड कोरडं पडतं, रात्री झोप नाही. पुडीवर नाव-गाव काही नाही. चालू ठेवावी का? – अशोक चौक, सोलापूर

आजच बंद करायला सांगा. पुडी फेकू नका, ती बरोबर घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा. ईसीजी, रक्तदाब आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडले, तर ओपीडीची वाट न बघता थेट अपघात विभागात न्या.

हिशोब करून बघा. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी. चार किलो म्हणजे ३०,८००. पंधरा दिवसांत एवढी चरबी जायची तर रोज दोन हजार किलोकॅलरींची तूट पडायला हवी, म्हणजे बहुतेकांचं दिवसभराचं सगळं जेवण. मेहुणे जेवत आहेत आणि काटा तरी इतका खाली येतोय, तर उतरलंय त्यात पाणी बरंच आहे, किंवा भूक मारणारं औषध पोटात जातंय, किंवा दोन्ही.

पाणी सोनामुखीने उतरतं. जुलाब होतात, पोटॅशियम जातं, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घामाने आधीच पाणी कमी झालेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके त्याने बिघडू शकतात. धडधड, कोरडं तोंड आणि निद्रानाश ही तीन लक्षणं एकत्र दिसली की सिबुट्रामिनचा संशय घ्यावा लागतो. हे भूक मारणारं रासायनिक औषध होतं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्याने २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. तरी 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ते जगभर वारंवार सापडलेलं आहे. पुडीत नेमकं काय आहे ते प्रयोगशाळाच सांगेल, म्हणून ती जपून ठेवायची.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात करता येते. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या जादूटोणासदृश उपचार व आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याखाली येते, त्या कायद्याच्या रोगांच्या यादीत लठ्ठपणा आहे. पुढच्या वेळी कुठलाही डबा घेताना एवढं बघा : आहारपूरक असेल तर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, शिवाय बॅच, तारीख आणि कारखान्याचा पूर्ण पत्ता. यातलं काहीच नसेल, तर विकणारा कितीही ओळखीचा असो, घेऊ नका.

प्रश्न : जाऊबाई गार्सिनियाच्या कॅप्सूल घेतात. डब्यावर '६० टक्के एचसीए' लिहिलंय. दुकानदार म्हणाला, हे आपलं कोकमच. मग घरचं कोकम आगळ प्यायलं तर तोच गुण येईल का? – गृहिणी, जुळे सोलापूर

दुकानदार अर्धं बरोबर बोलला. कॅप्सूलमधला गार्सिनिया म्हणजे केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. कोकम तिच्याच कुळातलं. दोघांच्याही सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल, म्हणजे एचसीए असतं. जास्तीच्या पिष्टापासून शरीर चरबी बनवतं, त्या वाटेवरचं एक एन्झाइम हे आम्ल अडवतं. उंदीर-घुशींच्या शरीरात ही वाट रहदारीची आहे, म्हणून त्यांच्यात परिणाम दिसतो. रोजच्या जेवणात तेल-तूप खाणाऱ्या माणसाच्या अंगावर साठते ती चरबी बहुतांश खाल्लेल्या चरबीतून येते. पिष्टापासून नव्याने बनणारी चरबी थोडी. तीच वाट अडवून फार काही हाती लागत नाही.

आणि हे माणसांवर तपासलेलं आहे. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली. दोन्ही गटांना सारखाच कमी उष्मांकाचा, जास्त तंतूंचा आहार दिला. एका गटाला रोज १,५०० मिलिग्रॅम एचसीए, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल. एचसीए घेणाऱ्यांचं सरासरी ३.२ किलो उतरलं आणि रिकामी कॅप्सूल घेणाऱ्यांचं ४.१ किलो. फरक संख्याशास्त्रात न बसणारा, पण अर्काच्या बाजूने तर नक्कीच नाही. वजन आहाराने उतरलं होतं.

जाऊबाईंना एक मात्र जरूर सांगा. गार्सिनिया असलेल्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणं, यातलं काही दिसलं तर कॅप्सूल थांबवून एसजीपीटी आणि बिलिरुबिन तपासायचं. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील, तर गार्सिनिया घेऊच नये.

आगळ पाण्यात घालून, साखर न घालता प्या. जेवणात चांगलं लागतं आणि थंड पेयाच्या बाटलीची जागा घेतलीत तर फायदाच. फक्त आगळात मीठ बरंच असतं. रक्तदाब असेल तर बिनमिठाची आमसुलं भिजवून त्याचं पाणी घ्या. बाजारच्या कोकम सरबतात साखर असते, ते वजनाच्या कामाचं नाही.

प्रश्न : मेथ्या भिजवून पाणी प्यायचं की मेथ्या खायच्या? इसबगोल त्याबरोबर चालतो का? दोन्ही सुरू केलं आणि पोट दगडासारखं झालं. – पंढरपूर

या दोन्हींबद्दल सविस्तर लिहितो, कारण स्वस्त आहेत, घरात आहेत, आणि चुका बहुतेक घेण्याच्या पद्धतीत होतात.

मेथ्यांमधली कामाची वस्तू गॅलॅक्टोमॅनन हा चिकट तंतू. तो पाणी धरून फुगतो, जठर सावकाश रिकामं होतं आणि पोट भरल्यासारखं वाटतं. लठ्ठ व्यक्तींवर झालेल्या एका प्रयोगात नाश्त्याबरोबर ८ ग्रॅम मेथीचा शुद्ध तंतू दिल्यावर भूक कमी लागल्याचं दिसलं होतं. मेथीच्या दाण्यात जवळपास निम्मा तंतू असतो, म्हणजे त्या ८ ग्रॅमसाठी १६-१७ ग्रॅम मेथ्या झाल्या. आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. गाळून नुसतं पाणी प्यायलात, तर बहुतेक तंतू गाळणीतच राहिला. मेथ्या खायच्या.

सुरुवात अर्ध्या सपाट चमच्याने, म्हणजे २ ग्रॅमने करा. रात्री पाऊण कप पाण्यात भिजत घाला. सकाळी दाणे मऊ होतात, तेव्हा त्याच पाण्यासकट चावून खा आणि वर एक ग्लास पाणी प्या. जेवणाआधी अर्धा तास ही वेळ चांगली. दर चार-पाच दिवसांनी अर्धा चमचा वाढवत १० ग्रॅमपर्यंत या, म्हणजे साधारण अडीच चहाचे चमचे. त्यापुढे गॅस आणि जुलाब वाढतात, भूक मात्र त्या मानाने कमी होत नाही. घामाला आणि लघवीला गोडसर वास येईल, त्याने घाबरू नका. कडूपणा सोसत नसेल तर मोड आणून उसळीत घाला, किंवा ज्वारीच्या पिठात किलोला ५० ग्रॅम मेथ्या दळून आणा. भाकरी थोडी काळपट होते, पण थापताना चिरत नाही.

इसबगोल वेगळ्या वेळी घ्या. एक मोठा चमचा भुसा, साधारण ५ ग्रॅम, पूर्ण २५० मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा आणि त्यावर आणखी अर्धा ग्लास पाणी. ढवळून ठेवला तर खळ होते आणि घशाखाली उतरत नाही. तुमचं पोट दगडासारखं होण्याचं कारण बहुधा हेच : दोन्ही तंतू पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रेत आणि पाणी कमी. पाणी कमी पडलं की तो लगदा आतड्यात घट्ट होतो. आठवडाभर दोन्ही बंद ठेवा, मग आधी एकच सुरू करा. झोपताना कोरडा भुसा दुधाबरोबर गिळायची पद्धत आपल्याकडे आहे, ती वजनासाठी उपयोगाची नाही आणि गिळायला त्रास असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना धोक्याची आहे. आतड्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा आतडं कुठे अरुंद असेल, तर विचारल्याशिवाय घेऊच नका. बाजारातल्या संत्र्याच्या चवीच्या इसबगोलात कित्येकदा साखर असते, वेष्टन वाचा.

गोळ्या आणि हे तंतू यांच्यात दोन तासांचं अंतर हवं, थायरॉइडच्या गोळीला चार तासांचं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मेथ्या वाढवताना साखर जास्त वेळा मोजा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मधुमेहात मेथीचा मोठा अभ्यास केला आहे, त्यात मात्रा २५ ग्रॅमपासून पुढे होत्या आणि साखर खरोखर उतरली. गर्भवतींनी फोडणीपलीकडे मेथ्या घेऊ नयेत. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना कधी कधी मेथीचीही अ‍ॅलर्जी असते.

किती उतरेल? जेवणातली भाकरी-भात त्यामुळे खरंच कमी झाला, तर तीन महिन्यांत एक-दोन किलो. जेवण तेवढंच राहिलं तर काही नाही.

प्रश्न : मी एम.एस्सी. जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. स्थानिक वनस्पतीच्या अर्कावर लठ्ठपणाविरोधी प्रकल्प करायचा आहे. लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) अटकावाची चाचणी आणि जमल्यास प्राण्यांवर प्रयोग. कुठे चुकतं? – सोलापूर

वनस्पती आधी वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळखून घ्या आणि नमुना वाळवून नोंद क्रमांकासह जमा करा. हे शेवटी करायचं म्हटलं की राहून जातं. पानं सावलीत, ४० अंशांखाली वाळवा. आपल्या गच्चीवर मे महिन्यात सावलीतही पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा खोलीत पंख्याखाली वाळवा. एकास दहा प्रमाणात ७० टक्के इथेनॉलमध्ये २४ तास हलवत ठेवा, तोच चोथा पुन्हा एकदा काढा, गाळा, ५० अंशांखाली निर्वातात आटवा. उतारा टक्क्यांत लिहून ठेवा. एकूण फिनॉल गॅलिक आम्लाच्या तुलनेत मोजा आणि जमलं तर एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, एखादा खुणेचा घटक दाखवा. त्याशिवाय तुमचा अर्क दुसऱ्या कोणाला पुन्हा बनवता येणार नाही.

लायपेजची चाचणी दिसायला सोपी असते. डुकराच्या स्वादुपिंडाचं लायपेज, पॅरा-नायट्रोफिनाइल ब्युटिरेट, ४०५ नॅनोमीटरला वाचन, तुलनेला ऑर्लिस्टॅट हे लायपेज अडवणारं औषध. पहिली चूक रंगाची. अर्क स्वतःच पिवळा-तपकिरी असतो, म्हणून प्रत्येक मात्रेला एन्झाइम न घातलेला कोरा नमुना हवाच. दुसरी चूक मोठी आहे आणि छापून आलेल्या कितीतरी निकालांतही ती असते. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटून ते खाली बसवतं. बाभळीची साल, डाळिंबाची साल, हिरडा, काहीही घातलं तरी लायपेज 'अडवलेलं' दिसणार. म्हणून पीव्हीपीपीने टॅनिन काढून चाचणी पुन्हा करा, आणि दुसऱ्या एका नळीत बोव्हाइन अल्ब्युमिन घालून बघा. तरीही अटकाव टिकला तर त्याला काही अर्थ आहे. पोटात तर टॅनिनला चिकटायला जेवणातली प्रथिनं ढिगाने असतात. अर्क विरघळवायला वापरायचं डीएमएसओ सगळ्या नळ्यांत सारखं आणि एक टक्क्याच्या आत ठेवा. शेवटी ट्रायओलिनच्या इमल्शनवर पित्तक्षार घालून तपासा, कारण ब्युटिरेट इतर एस्टरेजही तोडतात.

चरबीपेशींवर काम करणार असाल, तर ऑइल रेड ओ या चरबी रंगवणाऱ्या द्रव्याचा रंग उतरला म्हणून हुरळून जाऊ नका. पेशी मेल्या तरी रंग उतरतो. त्याच मात्रांवर पेशी जिवंत आहेत का ते दाखवणारी एमटीटी चाचणी करा.

प्राण्यांच्या प्रयोगासाठी सीसीएसईए या प्राणिप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीकडे नोंदलेलं प्राणिगृह आणि संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते. एम.एस्सी.च्या मुदतीत हे बसणं अवघड आहे, नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका. जमलंच तर खाद्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. साधारण ६० टक्के उष्मांक चरबीतून येणाऱ्या खाद्यावर सी५७ ब्लॅक सिक्स जातीचे उंदीर आठ ते सोळा आठवड्यांत लठ्ठ होतात. आपल्याकडे वनस्पती तूप आणि खोबरेल मिसळून खाद्य बनवतात. ते खवट झालं की उंदीर कमी खातात, वजन उतरतं आणि श्रेय अर्काला जातं. खाद्य आठवड्यापुरतं बनवा, बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, पिंजऱ्यात रोज बदला आणि उरलेलं तोला. कडू अर्क खाद्यात मिसळला तरी हेच होतं. म्हणून जोडीचा गट ठेवावा लागतो : अर्काचा गट जेवढं खातो, तेवढंच बिनअर्काचं खाद्य दुसऱ्या गटाला. दोघांचं वजन सारखंच उतरलं, तर तुमच्या अर्काने भूक मारली किंवा चव बिघडवली, त्यापलीकडे काही केलं नाही. तुलनेच्या गटाला नेहमीचं दाणा-खाद्य देऊ नका. त्यात तंतू आणि वनस्पतिजन्य घटक भरपूर असतात. घटक तेच ठेवून चरबी तेवढी कमी केलेलं खाद्य द्या.

तापमानाबद्दलही लिहा. उंदराला ३० अंशांच्या आसपास सुखाचं वाटतं. प्राणिगृहात २२ अंश ठेवतात, म्हणजे तो कायम थंडीत असतो आणि अंग गरम ठेवायला चरबी जाळतच असतो. 'अर्काने चरबी जाळण्याचं प्रमाण वाढवलं' असे निकाल अशा थंड उंदरांत ठळक येतात आणि कपडे घालून वावरणाऱ्या माणसात फिके पडतात. उलट उन्हाळ्यात प्राणिगृहाचा एसी बंद पडला, तर उकाड्याने उंदरांचं खाणं घटतं आणि तुमचे दोन आठवडे वाया जातात. तापमान रोज दोनदा नोंदवा.

आणखी एक गट जमला तर जरूर ठेवा. लठ्ठ झालेल्या उंदरांना अर्क न देता फक्त कमी चरबीच्या खाद्यावर आणायचं. त्यांचं वजन काही आठवड्यांत ठळकपणे खाली येतं. आहाराने आलेल्या लठ्ठपणावर पिंजऱ्यातही सर्वांत जोरदार उपाय आहार बदलणं हाच आहे. तुमच्या अर्काची तुलना या गटाशी करा, फक्त लठ्ठ राहिलेल्या उंदरांशी नको.

प्रश्न : ग्रीन टी दिवसातून किती कप? की गोळी बरी? – बार्शी

तीन-चार कप बिनसाखरेचे चालतील. वजनात फरक पडला तर अगदी किरकोळ. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यातही तेच दिसलं होतं. गोळी नको. कपात ग्रीन टीमधला मुख्य घटक ईजीसीजी ५० ते १०० मिलिग्रॅम असतो, अर्काच्या गोळ्यांत कित्येकशे. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गोळीतून गेलं तर यकृताची एन्झाइम वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं आहे. उपाशीपोटी गोळी घेणं अधिक धोक्याचं.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलची अटोरवास्टॅटिन चालू आहे. कोणीतरी दारूहळदीच्या बर्बेरीनच्या कॅप्सूल सुचवल्या, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. – मोहोळ

इथे आलेल्या अर्कांत बर्बेरीनचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे, म्हणूनच ते परस्पर सुरू करू नका. साखर ते खरोखर उतरवतं. ग्लिमेपिराइडवर त्याची भर पडली तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, असा साखर घसरण्याचा झटका येऊ शकतो. वडील एकटे शेतावर जात असतील तर हे गंभीर आहे. यकृतात औषधं मोडणारी काही एन्झाइमही ते मंदावतं, त्यामुळे स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढून स्नायू दुखू शकतात. वजनावरचा परिणाम सरासरी दोन किलोंच्या आसपास, आणि पोटात कळा, बद्धकोष्ठ किंवा जुलाब बऱ्याच जणांना होतात. मधुमेहाच्या डॉक्टरांना कॅप्सूलचा डबा दाखवा. त्यांनी हो म्हटलं, तर आधी ग्लिमेपिराइडची मात्रा तेच कमी करतील. घरात कोणी गर्भवती असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर त्यांनी बर्बेरीन घ्यायचं नाही.

प्रश्न : अर्क-काढे नकोत, तर घरी नेमकं काय करायचं? आम्ही चौघं, वजन सगळ्यांचंच वाढलेलं. महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा लागतो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तर सोडवत नाही. – विजापूर रोड, सोलापूर

डब्यापासूनच सुरू करू. पाच लिटर तेल म्हणजे साधारण ४.६ किलो. चौघांत, तीस दिवसांत, माणशी रोज ३८ ग्रॅम. तेलाच्या ग्रॅमला ९ किलोकॅलरी, म्हणजे ३४० च्या वर. माणशी २५ ग्रॅमवर आलात तर महिन्याला सव्वातीन लिटर पुरेल आणि प्रत्येकाच्या रोजच्या ११५ किलोकॅलरी कमी होतील. कमी झालेल्या कॅलरींचा हा आकडा रोज टिकला, तर तुम्ही वर वाचलेल्या बहुतेक कॅप्सूलपेक्षा मोठा आहे. पद्धत अशी : एक तारखेला सव्वातीन लिटर वेगळ्या डब्यात काढा आणि उरलेलं नजरेआड ठेवा. फोडणी बुधलीने न ओतता चमच्याने घाला, चौघांच्या भाजीला तीन-चार चहाचे चमचे पुरतात. पहिल्या महिन्यात पंचवीस तारखेलाच डबा संपतो, कारण दोन वेळा भजी झालेली असतात. भजी कधी करायची ते आधी ठरवा. तळणाचं उरलेलं तेल भाजीत जिरवायची सवय सोडा.

शेंगाचटणी सोडू नका. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी चरबी असली तरी प्रथिनं आणि तंतूही आहेत. पण १०० ग्रॅममागे ५६७ किलोकॅलरी आहेत, म्हणून ती ताटात मोजून घ्या. एक सपाट मोठा चमचा, १५ ग्रॅम, म्हणजे ८५. त्यावर तेल न घालता दही घ्या. कडक भाकरीला ३० ग्रॅम पीठ लागलं तर एकीच्या साधारण १०० किलोकॅलरी होतात. ती पातळ आणि कुरकुरीत असल्याने गप्पा मारत चार-पाच सहज जातात, आणि कोरडी असल्याने प्रत्येकीबरोबर चटणी, लोणी किंवा तेल जातं. ताटात दोन घ्या आणि डबा आत ठेवा. बरोबर पातळ आमटी आणि वाटीभर पालेभाजी असू द्या, पोट त्याने भरतं.

वजनाबरोबर कंबरही मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप घट्ट न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल एकदा तपासून घ्या. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ च्या वर आणि त्यासोबत यातलं काही बिघडलेलं असेल, तर वजनासाठी औषध घ्यायचं का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. चाचण्यांतून पार पडलेली, चिठ्ठीवर मिळणारी औषधं आता आपल्याकडे उपलब्ध आहेत. माप दर महिन्याला त्याच वारी, सकाळी काही खाण्याआधी घ्या आणि चौघांचे आकडे तेलाच्या डब्याच्या तारखेसोबत एकाच वहीत लिहा.